पोलादाच्या तारेवरचा सूर

जालना औद्योगिक वसाहतीतील, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील एमआयडीसीतील, पोलाद कारखान्यांमध्ये भंगार वितळवून त्याचे बिलेट ओततात आणि ते लाटून बांधकामाच्या सळया काढतात. या कामासाठी तेथे इंडक्शन फर्नेस वापरतात. इंडक्शन फर्नेस म्हणजे ज्वाळेशिवाय चालणारी विजेची भट्टी होय. तिच्या मुशीभोवती तांब्याचे वेटोळे असते, त्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला की आतल्या भंगारातच प्रवाह जागे होतात आणि लोखंड स्वतःच्या अंगच्या उष्णतेने वितळते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. विजेवर वाजणारी गिटार याच तत्त्वावर बोलते. तिच्या तारांखाली चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते, ज्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण प्रवाह उमटतो आणि ॲम्प्लिफायर त्या प्रवाहाला मैदान भरून टाकणारा आवाज देतो. जेथे रात्रपाळीतही लोखंड वितळत असते, त्या जालन्यात रॉक संगीताची आठवण निघाली, तर तिला परकी मानण्याचे कारण नाही.

रॉक हे विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधून आणि ग्रामीण गोऱ्यांच्या गाण्यांतून घडलेले, विजेची गिटार, बेस, ड्रम आणि उंच मानवी आवाज यांवर उभे असलेले संगीत आहे, आणि त्याची सर्वांत जड शाखा तर कारखान्यांच्याच गावात जन्मली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली; डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, तारा हलक्या आणि पुढे सैल केल्या, आणि त्यातून उतरलेला खोल, भारदस्त नाद ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची ओळख ठरला. कामगारवस्तीचे दुःख आणि तिचे बळ या दोहोंना या संगीताने आवाज दिला, हे ध्यानात घेतले म्हणजे महाराष्ट्रातील एका रॉक गायकाचे स्मरण सळयांच्या या गावातून करणे उचित वाटते.

तो गायक म्हणजे नंदू भेंडे. त्यांचे घर मराठी रंगभूमीचे होते. वडील आत्माराम भेंडे यांनी बबन प्रभू यांच्या लेखनाला रंगमंचावर गती देऊन मराठी फार्स, म्हणजे गैरसमजांच्या वेगवान साखळीवर चालणारे प्रहसन, घराघरांत पोहोचवला, आई डॉ. आशा भेंडे लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक होत्या. अशा घरातील मुलाने सॅव्हेज एन्काउंटर, वेल्व्हेट फॉग यांसारख्या मुंबईतील वाद्यवृंदांत इंग्रजी रॉक गावे, यात घराण्याशी फारकत शोधणे चुकीचे ठरेल, कारण शब्दाची अचूक फेक, प्रेक्षकांच्या श्वासाचे भान आणि चुकलेला क्षण सावरण्याची तयारी हे जे रंगभूमीचे संस्कार, तेच रॉक गायकाचेही भांडवल असते. त्या काळात आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर सहज मिळत नसत. मिळालेले वाद्य जपावे, तबकडी पुन्हापुन्हा ऐकून सुरावटी उतरवून घ्याव्यात आणि सापडेल त्या जागेत तालीम करावी, अशी ती साधना होती. ही साधना एकट्याने होत नाही. वाद्यवृंद ही मुळात मैत्रीची संस्था आहे, आणि म्हणून रॉक गायकाचा खरा इतिहास त्याच्या मित्रांपाशी असतो.

१९७४ साली ॲलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा रंगमंचावर आणला, तेव्हा त्यातील, येशूचा विश्वासघात करणाऱ्या जूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. रॉक ऑपेरा म्हणजे संवादांऐवजी गाण्यांतूनच संपूर्ण कथा सांगणारे नाटक. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे संगीत आणि टिम राइस यांचे शब्द असलेली ही कृती १९७० साली आधी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आली होती. तिच्यात जूडास हा केवळ विश्वासघातकी राहत नाही. तो येशूवर प्रेम करणारा, त्याच्याभोवती वाढत जाणाऱ्या जयघोषाने धास्तावलेला आणि तोंडावर कठीण प्रश्न विचारणारा मित्र होतो. मित्राविषयीची माया आणि त्याच्यावरचा राग एकाच श्वासात गाणे ही या भूमिकेची कसोटी आहे, आणि नंदू भेंडे यांचे नाव त्या प्रयोगाच्या आठवणीत आजही या भूमिकेशी जोडलेले आहे.

त्यानंतरचा टप्पा मराठी रसिकांना अधिक जवळचा आहे. बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या १९२८ सालच्या जर्मन संगीतिकेवरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ रचला आणि १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने तो सादर केला. त्यातील अंकुश या गुंडाची भूमिका नंदू भेंडे यांनी केली, आणि भास्कर चंदावरकर व आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतातही त्यांचा वाटा होता. नाट्यपदांची चाल, तमाशाची ढब आणि पाश्चात्त्य ठेका एकाच प्रयोगात शेजारी नांदतील, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. मात्र तिची मुळे परंपरेतच होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्या संगीत नाटकाच्या परंपरेत नटाने आपले गाणे स्वतःच गायचे असते, आणि गाता गाता पात्रातून बाहेर न पडण्याची शिस्त पाळायची असते. नंदू भेंडे यांनी रॉकच्या गळ्याने ही शिस्त पाळली. इंग्रजी गाण्यात मुरलेला आवाज मराठी व्यंजनांचा आघात घेऊन उभा राहिला, तेव्हा रॉक हा केवळ परभाषेचा ठेवा उरला नाही. त्याला मराठी बोलता येते, हे भर प्रयोगात सिद्ध झाले.

१९८२ सालच्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटात बप्पी लाहिरी यांच्या संगीतात त्यांनी कृष्णाला आळवणारे गाणे गायले, पुढे दूरचित्रवाणी मालिकांना संगीत दिले, आणि ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. दहा महिनेही उलटले नाहीत तोच, ७ फेब्रुवारी २०१५ रोजी, आत्माराम भेंडे हेही गेले. सर्वसामान्य श्रोत्याला नंदू भेंडे यांच्याविषयी जे आठवते ते बहुधा चित्रपटातील एवढे एकच गाणे, कारण ध्वनिमुद्रित झालेले तेवढेच त्याच्या कानापर्यंत पोहोचते. मित्राला आठवते ते निराळे असते. तालमीत घसा बसलेला असताना गायलेली ओळ, तुटलेली तार बदलेपर्यंत प्रेक्षकांना धरून ठेवण्याची हातोटी, दुसऱ्याच्या वादनाला मान डोलावून दिलेली दाद, असा तपशील कोणत्याही तबकडीवर उतरत नाही. मित्र गेले की तोही जातो.

मराठीत गायकांविषयी लिहिण्याची परंपरा समृद्ध आहे. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’ आणि पु. ल. देशपांडे यांची व्यक्तिचित्रे यांमुळे ज्यांचे गाणे कधीच ऐकले नाही अशा गवयांची बैठकही वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. रॉक गायकांच्या वाट्याला हे प्रेम फार थोडे आले. त्यांचे गाणे म्हणजे तारुण्यातील उनाडकी, नोकरी लागली की संपणारी, असे समजून घरच्यांनी आणि काही वेळा त्यांनी स्वतःही तो काळ मिटवून टाकला. हा समज अन्यायाचा आहे. ज्या मेहनतीने कोणी ख्याल आत्मसात करतो, त्याच मेहनतीने कोणी विजेच्या गिटारीवर हात बसवतो. घराणे निराळे असले, तरी निष्ठा तीच असते.

आठवणीचेही एक भौतिकशास्त्र आहे आणि त्यातही लोखंडच आहे. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर दिलेला लोहाच्या ऑक्साइडसारख्या चुंबकीय द्रव्याचा थर. गाणे त्या कणांच्या चुंबकीय रचनेत साठते आणि फॅरडे यांच्याच तत्त्वाने पुन्हा ऐकू येते. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, म्हणून भट्टीत पडलेल्या भंगाराला पूर्वीचे काहीच आठवत नाही. फितीचा नाश मात्र एवढ्या आगीची वाट पाहत नाही. दमटपणा, बुरशी आणि घरातील आवराआवर तिला पुरेशी असते. जालन्याच्या कारखान्यांत असो वा मराठवाड्यातील कोणत्याही गावात, एकेकाळी वाद्यवृंदात गाणारा किंवा वाजवणारा मित्र ज्यांनी गमावला असेल, त्यांनी त्याच्या कॅसेटची डिजिटल प्रत या वर्षीच करून घ्यावी, छायाचित्रांमागे नावे आणि साल लिहावे, वाद्यवृंदाचे नाव, सोबती, तालमीची जागा आणि गाण्यांची यादी कागदावर उतरवावी आणि ते सारे त्याच्या मुलाबाळांच्या व जवळच्या ग्रंथालयाच्या हाती द्यावे. दिवंगत मित्रासाठी करण्यासारखे काम हेच आहे, आणि ते त्याच्या मित्रांवाचून दुसरे कोणी करणार नाही.