कारण विचारलं जाणार नाही

नृसिंहाचा अवतार ना दिवसा, ना रात्री. म्हणून वैशाख शुद्ध चतुर्दशीला आमच्या पोखर्णीत जन्म होतो तो दिवस मावळताना, आणि आमच्या घरात उपवासही तेव्हाच सुटतो. परभणी-गंगाखेड रस्त्यावरचं हे गाव. देऊळ हेमाडपंती, आणि परळीकडं जाणाऱ्या लोहमार्गावरच्या स्थानकाचं नावही ‘पोखर्णी नृसिंह’. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत आहे, तरी हा दिवस सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नाही. असावा असं माझं म्हणणंही नाही. मी एका कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवायचो आणि दरवर्षी किरकोळ रजेच्या अर्जावर ‘घरगुती काम’ असं लिहून गावी जायचो. ‘उपवास आहे’ असं लिहायला हात धजत नसे. रजा कुणी नाकारली नसती, पण त्यावर दोन वाक्यं ऐकावी लागली असती.

2019 साली चतुर्दशी 17 मे रोजी आली. त्या वर्षी रमजान 7 मेपासून सुरू झालेला, म्हणजे त्या दिवशी अकरावा रोजा आणि वर शुक्रवार, जुम्मा. दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा, ही मात्र यादीतली सुट्टी. शिवाय 18 मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन, 1972 सालचा. त्यानिमित्त खरीप मेळाव्याला शेतकऱ्यांची गर्दी होते. सुट्टीआधी प्रात्यक्षिक परीक्षा उरकून टाकू, असं आमच्याकडं ठरलं. तुकड्या हजेरी क्रमांकानं पडल्या. शेवटची तुकडी दुपारी तीनला, प्रक्षेत्रावर, मातीचा नमुना काढायला. मे महिन्यातलं परभणीचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. त्या तुकडीत रोजे धरणारी मुलं होती. पहाटे साडेचारच्या सुमारास सहर संपलेली, इफ्तारला सात वाजायला आलेले. मधल्या वेळात पाण्याचा थेंब नाही आणि हातात फावडं.

त्यांच्यापैकी कुणीही येऊन काही मागितलं नाही. ते मागणार नाहीत हे मला ठाऊक होतं. ‘घरगुती काम’ लिहिणाऱ्याला ते समजतं. मी विषय काढला तेव्हा कार्यालयातलं उत्तर तयार होतं: एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, नियम सगळ्यांना सारखा. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातला खोटेपणा आता लगेच दिसतो. एकादशीला आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी शिजते, तिला कुणी सवलत म्हणत नाही. ती आपोआप होते, कारण स्वयंपाकघराला एकादशी माहीत आहे. सहरीचं मात्र तसं नव्हतं. पोरं रात्रीची चपाती कागदात गुंडाळून पहाटे बिस्किटांबरोबर खायची, आणि दुपारच्या न खाल्लेल्या जेवणाचे पैसेही भरायची. जिंतूरकडच्या एका जैन मुलीनं तर अख्खं सत्र कांदा-बटाटा बाजूला काढत काढलं होतं. तक्रार तिचीही नव्हती.

मी सूचनाफलकावर एक कागद लावला: प्रात्यक्षिकासाठी सकाळी सातची तुकडी हवी असेल त्यांनी नाव द्यावं, कारण विचारलं जाणार नाही. विभागप्रमुखांची सही घेतली होती. त्यांनी धर्माचा शब्द कुठं आहे का ते दोनदा वाचून पाहिलं. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त वर्गाची नावं! रोजेवाले होते, उपवासवाले होते, एकाला बहिणीच्या हळदीला जायचं होतं, आणि बाकीच्यांना फक्त ऊन नको होतं. शेवटी सकाळी दोन तुकड्या घेतल्या. दुपारी उरले ते सकाळी उठायचा कंटाळा असलेले, त्यांचं काम प्रयोगशाळेत पंख्याखाली झालं. जुम्म्याच्या नमाजाआधी रोजेवाली मुलं मोकळी होती आणि मी गंगाखेडच्या बसमध्ये.

इथं बंधुभावाचं चित्र रंगवायचा मोह होतो: एकाच सूर्यास्ताला देवळातला गुलाल आणि मशिदीतला खजूर, वगैरे. तसं ते होतंही. पण माझं सगळं काम वेळापत्रकाचं होतं, आणि ते अवघड नव्हतं एवढंच मला दिसलं. चंद्राची गणितं आधी कळतात. हिजरी वर्षाला अधिक मास नाही, त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो; चतुर्दशीशी त्याची गाठ 2019 आणि 2020 लाच पडली, आणि 2020 ला टाळेबंदीनं महाविद्यालयच बंद होतं. 2030 साली तर तो जानेवारीत येऊन पुन्हा डिसेंबरअखेरीस सुरू होईल. परभणीच्या तुरतपीर बाबांच्या उरसाचं बरं, तो इंग्रजी तारखेनं 2 फेब्रुवारीला भरतो, पंचांग उघडायला नको. आणि एवढं मोठं सीबीएसई मंडळ. मार्च 2025 मध्ये होळीमुळं 15 तारखेच्या बारावीच्या हिंदीच्या पेपरला येऊ न शकणाऱ्यांना त्यांनी तो नंतर देण्याची मुभा दिली. देशातल्या परीक्षा काही कोसळल्या नाहीत.

पुढच्या सत्रापासून आम्ही तारखा ठरवण्याआधी विद्यार्थ्यांकडून अडचणीचे दिवस मागवू लागलो. पहिल्या वर्षी कार्यालयानं त्या अर्जात ‘कारण’ हा रकाना घातला. मी तो काढला. पुढच्या वर्षी तो परत आला, मी परत काढला.

सगळंच जमलं असं नाही. हिवाळी परीक्षा आणि 6 डिसेंबर, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, यांचा मेळ काही बसेना. तो दिवस तेव्हा आमच्या सुट्ट्यांत नव्हता. आम्ही पेपर ठेवला नाही आणि आपण फार मोठं काही केलं असं समजलो. एका मुलानं समजावून सांगितलं, “सर, सहाची सुट्टी देऊन काय उपयोग? दादरला चैत्यभूमीवर पोचायला पाचच्या रात्री गाडी धरावी लागते, अन् परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.” मग पाचचा पेपर सकाळी घेतला. सातचा पुढं ढकलायचा तर एका शिक्षकांची निवडणुकीच्या कामाची तारीख आडवी आली. शेवटी तो सातलाच, पण दुपारी दोनला ठेवला. बरीच मुलं स्टेशनवरून थेट परीक्षागृहात आली, पाठीवर पिशव्या घेऊन. पिशव्या बाहेर ठेवायच्या की आत, यावर पर्यवेक्षकांशी दहा मिनिटं वाद झाला.