वाळूचोर की मूर्तिचोर?

किशोरवयीन मुलांसाठी सचित्र रहस्यकादंबरी लिहितोय. सत्यजित राय यांनी १९६५ पासून फेलूदाच्या कथा लिहिल्या आणि चित्रंही स्वतःच काढली. आपला हात तसा नाही, म्हणून एका चित्रकार मित्राला छळतोय.

गोष्ट नदीकाठच्या गावातली. शेवट आधी ठरवला, मग तिथून एकेक पाऊल मागे आलो. गावच्या पुलाची तीन चित्रं आहेत, महिन्या-महिन्याच्या अंतराने. मजकुरात पुलाबद्दल चकार शब्द नाही. पण दर चित्रात खांब थोडा उंच दिसतो. खांब काही वाढत नसतो. पात्रातली वाळू उपसली की त्याचा पाया उघडा पडतो. नववीतली एक पोरगी हे ओळखते. मित्राने पहिल्यांदा तो पाया इतका ठसठशीत रंगवला की चोर तिथेच सापडला असता! मग नजर हटवायला पाण्यात म्हशी सोडल्या.

एका प्रकाशकांना खर्डा आवडला. फक्त म्हणाले, वाळूचं नको, मूर्तिचोरी करा. उगाच कुणी नाराज व्हायला नको.

म्हणजे मुलांच्या पुस्तकात खून चालतो, दरोडा चालतो, पण रात्री गावातून जाणारे डंपर चालत नाहीत. नदीकाठची पोरं त्याच आवाजात अभ्यास करतात हो, त्यांच्यापासून काय लपवायचं? शिवाय देवळातली मूर्ती गेली म्हणून पुलाचा पाया उघडा पडत नाही. अख्खं कोडंच कोसळतं.

नाही म्हणालो. दुसरा प्रकाशक शोधतोय. तोवर चित्रांसकट निम्मी कादंबरी आठवीतल्या दोन मुलांना वाचायला दिलीय. एकाने म्हशी मोजून ठेवल्यात. पुलाकडे अजून दोघांचंही लक्ष गेलेलं नाही.