मागे वळायचं नाही

२५ जुलै २०२२, सोमवार. कुवेतला ऑफिसात नुकता स्थिरावलो होतो, तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी येऊन पडली. बारामतीहून निघालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. इंजिनाची ताकद गेली. चालवणारी मुलगी एकटीच होती.

आमची लेक तेव्हा बारामतीलाच विमान शिकत होती. फोन लागेना.

पंधरा मिनिटांनी तिचाच आला. "बाबा, मी नाही. मी वर्गात होते. तीही वाचली आहे, थोडं लागलंय." जीव भांड्यात पडला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तीही कुणाची तरी लेकच होती.

घरी आल्यावर ही म्हणाली, "बास झालं. तिला परत बोलवा." मलाही तेच वाटत होतं. रात्री फोनवर विषय काढायच्या आत मी विचारलं, "उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर?"

"आधी नाक खाली. नाही तर वेग जातो आणि विमान दगडासारखं पडतं. सेसना १५२ साठी साठ नॉट धरायचा आणि समोर दिसेल त्या शेतात उतरायचं. पाचशे फुटांवरून फार तर सव्वा-दीड किलोमीटर मिळतं."

"मागे धावपट्टी असते की!"

"तीच तर ओढ असते, बाबा. पण वळताना उंची झपाट्याने जाते, विमान तिरकं केलं की पडायचा वेगही वाढतो. परत वळण्याच्या नादात कितीतरी वैमानिक गेलेत. म्हणून समोरच उतरायचं हे उडण्याआधीच मोठ्याने म्हणून ठेवायचं. वर गेल्यावर विचाराला वेळ नसतो."

मग माझीच शिकवणी सुरू झाली. गरम हवा विरळ असते, म्हणून इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. "तुमच्याकडे पंचेचाळीस अंशांत समुद्राकाठच्या धावपट्टीवरही विमानाला माथेरानहून उंच असल्यासारखं वाटेल," ती म्हणाली.

बाजूला ही खुणा करत होती, सांगा, सांगा. 'परत ये' हे शब्द अगदी ओठांवर होते.

"जेवलीस का?" मी विचारलं.