आकड्याची साक्ष

वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे काढल्यावर साक्षीदारांविषयी माणूस काहीसा साशंक होतो. डोळ्यांदेखत पाहिलेली गोष्ट उलटतपासणीत विसरणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि न पाहिलेली गोष्ट शपथेवर सांगणारेही पाहिले आहेत. आकडा मात्र उलटत नाही, अशी आमची समजूत होती. ती समजूत आमच्या देवस्थानातील तांदळाच्या दहा पोत्यांनी दूर केली.

देवस्थानच्या उत्सवात संतर्पणासाठी जो तांदूळ लागतो, तो गेली तीस वर्षे एकच वृद्ध व्यापारी पुरवीत आला आहे. गतवर्षी कमिटीच्या कोणा सभासदाला शंका आली की पोती वजनाला कमी भरतात. तेव्हा आलेली दहा पोती देवस्थानच्या काट्यावर पुन्हा तोलण्यात आली. व्यापाऱ्याच्या पावतीवर प्रत्येक पोत्याचे वजन लिहिलेले होतेच. ही पोती हाताने भरलेली असल्यामुळे पोत्यापोत्यांत तीन किलोपर्यंत फरक होता. परंतु प्रत्येक पोते आमच्या काट्यावर पावतीहून हलके भरले. कुठे 100 ग्रॅमने, कुठे 600 ग्रॅमने, आणि सरासरी 360 ग्रॅमने.

खजिनदारांचा पुतण्या वाणिज्य शाखेत शिकतो. त्याने दोन्ही वजनांचे दोन स्तंभ संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरले आणि टी-टेस्ट नावाची संख्याशास्त्रीय चाचणी लावली. एक्सेल असो वा लिबरऑफिस कॅल्क असो, या सूत्राला चार गोष्टी पुरवाव्या लागतात: दोन स्तंभ, त्यानंतर फरक एकाच दिशेचा पाहावयाचा की दोन्ही दिशांचा हे सांगणारा 1 किंवा 2, आणि शेवटी चाचणीचा प्रकार सांगणारा 1, 2 किंवा 3. या शेवटच्या आकड्याविषयी त्याने मदतीचे पान उघडले, तर तेथे प्रत्येक प्रकारापुढे तीन-चार पारिभाषिक शब्द तेवढे होते. कोणता प्रकार केव्हा घ्यावा, याविषयी अक्षर नव्हते. मुलाने मधला मार्ग बरा म्हणून 2 लिहिला. उत्तर आले 0.43.

"म्हणजे दोन्ही वजने सारखीच असण्याचा 43 टक्के संभव," असे त्याने सभेत सांगितले.

खजिनदार उसळून म्हणाले, "अरे, दहाच्या दहा पोती हलकी भरली, एकसुद्धा जड भरले नाही, आणि तुझा संगणक म्हणतो फरक नाही?"

खजिनदारांना संख्याशास्त्राचा गंधही नाही. पण त्यांचे म्हणणे बिनतोड होते. फरक निव्वळ योगायोगाचा असता तर एखादे पोते हलके आणि एखादे जड भरते. नाणे दहा वेळा उडवून दहाही वेळा एकच बाजू वर येण्याचा संभव 512 मध्ये 1 इतकाच असतो. मग यंत्र चुकले कोठे? यंत्र चुकलेच नव्हते. त्याला प्रश्न चुकीचा विचारला गेला होता. प्रकार 2 म्हणजे दोन वेगवेगळे ढीग, ज्यांचा परस्परांशी संबंध नाही. त्या हिशेबात पोत्यापोत्यांमधला तीन किलोंचा फरकच एवढा मोठा ठरला की त्यात 360 ग्रॅम बुडून गेले. वस्तुतः येथे तेच पोते दोनदा तोललेले होते. अशा जोडीच्या मोजमापासाठी प्रकार 1 आहे. तो घातल्याबरोबर उत्तर आले 0.0001 हूनही लहान.

आता सभेचा रंगच पालटला. ज्या मुलाने 43 टक्के सांगितले होते, तोच आता म्हणाला, "व्यापारी लबाड असण्याची 99.99 टक्के खात्री." कमिटीने देवस्थानचे मुखत्यार या नात्याने नोटिशीचा मसुदा आमच्यावर सोपविला. त्या रात्री आम्ही तो लिहावयास बसलोही. परंतु 'निर्विवादपणे सिद्ध झाले आहे' या शब्दांपाशी लेखणी अडली. हा आकडा नेमका कशाचा संभव सांगतो? मदतीच्या पानावर एवढेच होते की हा टी-चाचणीशी निगडित संभव आहे. शेजारच्या एफ-टेस्टच्या पानावर तर, दोन संचांच्या विखुरलेपणात विशेष भेद नसण्याचा हा संभव, अशा अर्थाचे वाक्य होते. आणि ते साफ चुकीचे आहे, हे पुढे ग्रंथ चाळल्यावर आम्हांस कळले.

खरा अर्थ वकिलास समजावयास कठीण नाही. आरोपी निर्दोष आहे असे गृहीत धरूनच न्यायालय खटल्यास आरंभ करते. ही चाचणीही तसाच आरंभ करते: दोन काट्यांत मुळीच भेद नाही असे गृहीत धरते, आणि विचारते की तसे असताना इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव किती? उत्तरात मिळतो तो या प्रश्नाचा आकडा. निर्दोष माणसाविरुद्ध असा पुरावा किती विरळा, हे तो सांगतो. असा पुरावा असलेला माणूस निर्दोष असण्याचा संभव किती, हे तो सांगत नाही. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2016 साली खास निवेदन काढून हीच गोष्ट बजावली.

या दोन वाक्यांतील गल्लतीची किंमत इंग्लंडात सॅली क्लार्क नावाच्या बाईने मोजली. ती स्वतः वकील होती. तिची दोन तान्ही मुले एकामागून एक दगावली आणि तिच्यावर खुनाचा खटला झाला. एका बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले की अशा घरात दोन अर्भके पाळण्यात आपोआप दगावण्याचा संभव 7 कोटी 30 लाखांत 1. हा आकडा एका मृत्यूच्या संभवाला त्यानेच गुणून काढला होता. जणू सख्ख्या भावांच्या मृत्यूंचा परस्परांशी काही संबंधच असू शकत नाही. शिवाय तो आकडा म्हणजे तिच्या निर्दोषपणाचाच संभव, असा ग्रह सहज होण्याजोगा होता. 1999 साली तिला जन्मठेप झाली. 2001 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. 2003 मध्ये, दडून राहिलेला वैद्यकीय पुरावाही उजेडात आल्यावर, तिची मुक्तता झाली. आणि 2007 मध्ये ती वारली. हा खटला आठवला आणि आम्ही मसुदा बाजूस ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वजनमापे खात्याचा शिक्का असलेले 20 किलोचे वजन कोठून तरी मागून आणले आणि आमच्याच काट्यावर ठेवले. काट्याने सुमारे 150 ग्रॅम कमी दाखविले. याच प्रमाणात पन्नास किलोंवर 360 ग्रॅम कमी भरतात, हे सांगणे न लगे. लबाडी कोणाचीच नव्हती; काटा देवस्थानचाच बिघडलेला होता. चाचणीने दोन काट्यांत भेद आहे हे अचूक सांगितले होते. दोष कोणाचा, हे तिला कोणी विचारले नव्हते आणि विचारूनही ते तिला सांगता आले नसते.

झाल्या प्रकाराने आम्ही खजील झालो. आम्ही स्वतः व्यापाऱ्याच्या घरी जाऊन सारे निवेदन केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "देव पळयता, वकीलबाब."

देव पाहतो हे खरे. पण मदतीचे पान लिहिणाऱ्यानेही थोडे पाहावयास नको काय? ही टी-चाचणी 1908 साली विल्यम गॉसेट याने 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. तो डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीशाळेत नोकरीस होता, आणि थोड्याशा नमुन्यांवरून निर्णय कसा करावा हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. आपल्या निबंधात त्याने उदाहरण घेतले ते दहा रोग्यांचे: त्याच रोग्यांना दोन निरनिराळी झोपेची औषधे दिल्यावर झोप किती वाढली याचे. म्हणजे जोडीचेच उदाहरण, आणि दहाचेच! असे एक उदाहरण जर त्या पानावर असते, तर आमच्या मुलाने 1 च्या जागी 2 लिहिला नसता.

आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे अशा पानावर चार गोष्टी असाव्यात. ही चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, ते पहिल्याच वाक्यात साध्या भाषेत सांगावे. कोणता प्रकार केव्हा निवडावा, ते व्यवहारातील दाखल्याने सांगावे: तीच वस्तू दोनदा मोजली असेल तर 1, वस्तू वेगळ्या असून दोन्ही संच सारखेच विखुरलेले मानता येत असतील तर 2, तसे मानता येत नसेल तर 3. पुरते आकडे आणि त्यांचे उत्तर छापावे, म्हणजे वाचणाऱ्यास आपल्या हाताने पडताळा घेता येईल. आणि शेवटी, या उत्तरावरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही, तेही लिहावे. हे चौथे कलम कोणाला अनावश्यक वाटेल. पण आमच्या नोटिशीचा मसुदा अडला तो त्याच्याच अभावी.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी समजू नये. लिबरऑफिससारख्या मुक्त प्रणालींच्या मदतपानांच्या लेखनाला व सुधारणेला स्वयंसेवकांचा मोठा हातभार असतो, आणि त्यांतील उणीव कोणालाही दाखविता येते. आम्ही आणि त्या मुलाने मिळून दहा पोत्यांचा दाखला नीट लिहून काढला. त्याची एक प्रत, ज्या स्प्रेडशीटचे पान आम्हांस अपुरे वाटले, तिच्या व्यवस्थापकांकडे पाठविली. मराठीतली दुसरी प्रत देवस्थानच्या कचेरीत संगणकाशेजारी लावली. कमिटीने काटा दुरुस्त करून घेतला आणि 20 किलोचे शिक्क्याचे वजन स्वखर्चाने विकत घेतले. यंदाच्या उत्सवाचा तांदूळ त्याच व्यापाऱ्याकडून आला. पोती तोलण्यापूर्वी खजिनदारांनी प्रथम ते वजन काट्यावर ठेवविले, आणि काटा बरोबर 20 वर थांबल्यावरच पहिले पोते पुढे घेतले.