गोदावरी येथून कोणत्या दिशेस?

बजाजनगरातील देवळाची नित्यपूजा तरुण हातीं सोपवून आम्ही निवृत्त झालो, तेव्हा यापुढे आपला प्रवास पंढरपूरपलीकडे होणे नाही, अशीच आमची समजूत होती. परंतु मॉरिशस बेटावरील एका मराठी देवळाचे पुजारी उपचारार्थ भारतात आले आणि श्रावणापासून कार्तिकाअखेर त्यांची जागा सांभाळाल काय, अशी आम्हांस विचारणा झाली. ज्या समुद्रोल्लंघनाबद्दल आमच्या पणजोबांच्या काळी प्रायश्चित्त घ्यावे लागे, ते आम्ही मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांत केले.

उष्ण कटिबंधातील बेट म्हणून आम्ही पातळ उपरणी तेवढी बरोबर घेतली होती. पण हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० अंशांवर असल्याने आपला श्रावण म्हणजे तेथील हिवाळा. देऊळ मधल्या पठारावर. आग्नेयेचा वारा असा झोंबे की पहाटेच्या स्नानानंतर यजमानांनी दिलेली लोकरी शाल गुंडाळूनच गाभाऱ्यात शिरावे लागे. आपल्याकडील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. तेथे श्रावणातच तोडणी ऐन भरात होती.

याच उसासाठी १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आणले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणचे लोकही होते. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या ज्या १६ पायऱ्या चढून ही माणसे आली, त्या आजही पाहावयास मिळतात. २००६ साली युनेस्कोने ते स्थळ जागतिक वारसा म्हणून मान्य केले. या मंडळींबरोबर पुरोहित क्वचितच गेला असेल. गणपती मात्र गेला. आज गणेशचतुर्थीनिमित्त त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणची जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते.

चतुर्थीस एका वृद्ध गृहस्थांच्या घरी आम्ही पूजेस बसलो. नातवंडे आपसांत क्रियोल बोलत होती. आजोबांची मराठी जुन्या वळणाची, पण स्वच्छ. संकल्पात आम्ही सवयीने “गोदावरीच्या उत्तर तीरी” अशा अर्थाचे शब्द उच्चारले, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “गुरुजी, गोदावरी येथून कोणत्या दिशेस?”

“शास्त्रात असेच आहे,” आम्ही काहीशा त्राग्याने म्हणालो. त्यांनी हात जोडले व ते गप्प राहिले.

रात्री आम्हांस झोप आली नाही. मी कोठे आणि केव्हा हे कर्म करीत आहे, एवढे देवापुढे खरे सांगणे म्हणजे संकल्प. गोदातीर हे आमच्या जिभेचे वळण होते. यजमानाचे स्थान नव्हते. पिढ्यान्पिढ्या पुरोहितावाचून ज्यांनी देव सांभाळला, त्यांनाच आम्ही शास्त्राचा धाक घातला होता!

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेपूर्वी आम्ही त्यांची क्षमा मागितली व विचारले, “आजोबा, तुमचे वडील काय म्हणत?”

“संस्कृत कुठले येणार, गुरुजी? ‘देवा, समुद्राच्या ह्या काठी,’ एवढेच म्हणत.”

त्या शब्दांस संस्कृत रूप देऊन आम्ही पूजा सांगितली. पुढे तुळशीचे लग्न आटोपल्यावर त्यांच्याच नातीचा विवाह लागला. वधूस ध्रुव दाखवावयाचा, तर ध्रुव त्या आकाशात कधीच उगवत नाही! या वेळी आम्ही बोललो नाही, आजोबांकडे पाहिले. त्यांनी नातीला उत्तरेस तोंड करून उभे केले आणि म्हणाले, “तो त्या बाजूला आहे, बाय. आपण तिथून आलो.” मुलीने त्या रिकाम्या क्षितिजाला नमस्कार केला.

आम्ही परत बजाजनगरास आलो. १९८५ साली वाळूजला मोटारसायकलींचा कारखाना निघाला आणि पुढे ही कामगार वसाहत वाढली. येथेही कोणी बीडचा, कोणी जळगावचा, कोणी थेट बिहारचा. प्रत्येकाचा तीर मागे राहिला आहे. आता कोणाकडे सत्यनारायण सांगावयाचा प्रसंग आला, की आम्ही संकल्पाशी थांबतो. पैठणची गोदावरी येथून दक्षिणेस आहे, म्हणून आपण तिच्या उत्तर तीरावर बसलो आहोत, हे यजमानास मराठीतून सांगतो. आणि मगच त्याच्या हातावर पाणी सोडतो.