पहिला घोट, शेवटचा घोट

१.
आजोबा जेवायला बसले की तळहातावर पळीभर पाणी घ्यायचे, काही पुटपुटायचे, पिऊन टाकायचे. जेवण झालं की पुन्हा तेच. पहिल्या मंत्रात ते पाणी अमृताचं अंथरूण असतं, शेवटच्या मंत्रात झाकण. मधे वरण-भात.

२.
वाग्भट सांगतो: जेवणाआधी पाणी प्यायलं तर माणूस कृश होतो, मधे प्यायलं तर आहे तसा राहतो, शेवटी प्यायलं तर स्थूल.
पंगतीत पाणीवाला शेवटीच येतो.

३.
सोलकढी. नारळ खवायचा, कोमट पाण्यात वाटायचा, दूध पिळायचं. त्यात कोकमाचं आगळ, ठेचलेली लसूण, मिरची, मीठ. आगळ पडताच पांढऱ्याचं गुलाबी होतं. नाव कढी, पण चुलीवर चढवायची नाही. तापली की फुटते.
मालवणी खानावळीत पहिली वाटी मासे यायच्या आतच संपते. दुसरी भातावर. तिसरीचे पैसे पडतात.

४.
गोव्यात नारळाशिवाय केली की तिला फुटी कढीच म्हणतात.

५.
कोल्हापुरात पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून पितात. हे पेय की कालवण, हा प्रश्न फक्त पुणेकरांना पडतो.

६.
काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक उन्हाळ्यापुरता, फेणी टिकाऊ. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.
ओळखीचे एक गृहस्थ जेवणानंतर चमचाभरच घेतात, पोटासाठी. चमचा मोठा आहे.

७.
संस्कृतातलं एक कोडं. जेवणाच्या शेवटी काय प्यावं? ताक. जयंत कुणाचा मुलगा? इंद्राचा. विष्णुपद कसं? दुर्लभ. उत्तरं ओळीने वाचली की वाक्य होतं: ताक इंद्राला दुर्लभ.

८.
महिन्याच्या २५ तारखेनंतर आमच्या मेसमध्ये सगळेच इंद्र.

९.
लग्न. दारात निळं वेलकम ड्रिंक. कशाचं, ते देणाऱ्या मुलालाही माहीत नव्हतं. आत जिलेबी आणि मठ्ठा: आलं, कोथिंबीर, जिरं, चवीला साखर. निळे ग्लास अर्धे भरलेले, फुलदाणीमागे लपवलेले. मठ्ठ्याच्या पिंपाशी रांग.

१०.
भर उन्हात कुरिअरवाला आला. आईने आधी गुळाचा खडा आणि पाणी दिलं, मग सही केली. पाकिटात विजेचं बिल.

११.
पाहुणे म्हणाले, "आता ताक नको हो, पोटात जागाच नाही."
आजी वाटी भरत म्हणाली, "ताकाला कुठे जागा लागते!"