फेस
गाठीतून काढलेला तुकडा मेणात बसवला की त्याचा ब्लॉक होतो. तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, त्यांची फीत कोमट पाण्यावर तरंगू द्यायची आणि काचपट्टीनं अलगद उचलायची. पॅथॉलॉजीत माझा जन्म गेला तो अशा फिती बघण्यात.

1998 साली एका स्लाइडवर नुसता फेस दिसला. हिस्टिओसाइट म्हणजे शरीराच्या सफाई कामगार पेशी. इथं त्या चरबीनं तट्ट फुगल्या होत्या. गंमत अशी, की ब्लॉक करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती चरबी धुऊन जाते. आपण फेस म्हणतो ती तिनं मागं सोडलेली भोकं. मी ‘जुनाट दाह’ असं लिहून सही ठोकली.

तो बहुधा एर्डहाइम-चेस्टर आजार असावा, हे फार उशिरा सुचलं. व्हिएन्नात याकोब एर्डहाइम यांच्याकडे काम करायला आलेल्या विल्यम चेस्टर या अमेरिकन डॉक्टरानं 1930 मध्ये दोन रुग्णांचं वर्णन छापलं होतं. गुडघ्यांजवळची हाडं दोन्ही पायांत सारखीच दाट होतात; कधी मूत्रपिंडांभोवती, महाधमनीभोवती वेटोळं बसतं; कुणाला तहान भागतच नाही. पण हा दाह की कर्करोग, यावर पुढं ऐंशी वर्षं वाद घालण्यात गेली.

2012 मध्ये पॅरिसच्या आरोश यांच्या गटानं 24 रुग्णांचे नमुने तपासले. 13 जणांत बीआरएएफ या जनुकात एकच अक्षर बदललेलं निघालं. त्यामुळे प्रथिनात 600व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. आपल्याकडे याला ‘ध’चा ‘मा’ म्हणतील. फरक इतकाच, की इथं ‘मारा’ असा हुकूम निघत नाही. उलट ‘वाढा’ हा हुकूम कधी मागेच घेतला जात नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी बनलेलं व्हेमुराफेनिब नेमकं तिथंच बोट ठेवतं. 22 रुग्णांवरच्या चाचणीनंतर अमेरिकेत 2017 साली ते या आजारासाठी मंजूर झालं. तिथं या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलंच औषध. बावीस! एवढ्या माणसांत आमच्याकडे साधी भिशी चालते. औषध थांबवलं तर बहुतेकांचा आजार परततो, हेही खरं. हुकूम खोडला जात नाही, नुसता दाबला जातो.

निवृत्तीनंतर मी जुन्या प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या मुलानं रजिस्टर चाळलं. “मॅडम, इतके जुने ब्लॉक काढून टाकले. पेशंटचा पत्ताही नाही.”

स्लाइड मात्र माझ्याकडे आहे. शिकवायला म्हणून ठेवलेली. तिच्यावरचा काप खरवडून डीएनए काढून बघता येईल. परवा ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गुलाबी रंग उडालाय, निळाही फिका पडलाय. फेस तेवढा जसाच्या तसा.